घरच्या वाफ्यातील फुले आणि सणांचे गणित

भगवद्गीतेच्या नवव्या अध्यायात भक्ताने अर्पण करावयाच्या ज्या वस्तू सांगितल्या आहेत, त्या अगदी साध्या आहेत : पान, फूल, फळ आणि पाणी. यांपैकी एकही वस्तू अशी नाही की जी गरिबातल्या गरीब गृहस्थास स्वतःच्या श्रमाने मिळवता येणार नाही. पूजेचे मूल्य वस्तूच्या किमतीत नसून ती देणाऱ्याच्या भक्तीत आणि कष्टात आहे, हेच त्यातून सुचविलेले आहे.

परंतु आज आपल्या घरांतून काय दिसते? जुन्या वाड्यांचे चौक गेले, परसातील विहीर गेली आणि तिच्या काठचा झेंडूही गेला. नित्यपूजेची फुले पुडीतून येतात. दसऱ्याचे तोरण आदल्या रात्री बाजारातून येते व त्या दिवशीचा भाव विक्रेता सांगेल तो. याहूनही खेदाची गोष्ट म्हणजे पहाटे फिरावयास निघालेली काही सुशिक्षित मंडळी हातात पिशवी घेऊन दुसऱ्याच्या कुंपणावरची फुले न विचारता खुडतात आणि तीच देवाला वाहतात. ज्याने वर्षभर पाणी घातले त्याच्या झाडावर सकाळी एक फूल राहात नाही. अशा फुलाने कोणाची पूजा झाली, असा प्रश्न ज्याचा त्याने स्वतःस विचारावा.

या साऱ्यावर उपाय अवघड नाही. मूठभर बी, दोन हात रुंदीचा एक वाफा किंवा सज्जातील चार कुंड्या आणि थोडे गणित, एवढ्याने एका कुटुंबाच्या सणावारांची फुले घरीच होऊ शकतात. बी आणि जागा बहुतेकांना मिळते. गणित मात्र चुकते. म्हणून या पाठात आपण मुख्यतः त्या गणिताचाच विचार करू. आपण माळव्यात, इंदुरासारख्या काळ्या मातीच्या व थंड रात्रींच्या मुलखात राहतो, हे ध्यानी ठेवूनच पुढील विवेचन केले आहे.

हंगामी फुलझाडांचा स्वभाव

जास्वंद, मोगरा, कण्हेर ही झाडे एकदा लावली की अनेक वर्षे फुलतात. शेवंती हीदेखील मुळापासून फुटणारी, म्हणजे बहुवर्षायूच आहे. याउलट झेंडू, तेरडा, कोंबडा, झिनिया, अॅस्टर ही वर्षायू किंवा हंगामी फुलझाडे होत. बी रुजले, रोप वाढले, फुलले, पुन्हा बी धरले आणि झाड वाळून गेले, असे त्यांचे सारे आयुष्य एकाच हंगामात संपते.

या अल्पायुष्यात एक महत्त्वाची गोष्ट दडलेली आहे. हंगामी झाडाचा सारा खटाटोप बी निर्माण करण्यासाठी असतो. एकदा भरपूर बी तयार झाले की नवीन कळ्या येणे मंदावते व पाने पिवळी पडू लागतात. परंतु फुले वेळेवर खुडत गेलो तर झाडाचे कार्य अपुरेच राहते आणि झेंडूसारखे झाड पुनःपुन्हा कळ्या धरते. ज्या घरी नित्य पूजेसाठी फुले खुडली जातात, त्या घरचा झेंडू महिना-दीड महिना फुलत राहतो. आणि ज्या घरी तो केवळ शोभेसाठी तसाच ठेवला जातो, तेथे लवकर आटोपतो. देत राहिल्याने वाढते, असे आपण दानाविषयी म्हणतो; वाफ्यात ते डोळ्यांनी पाहावयास मिळते.

उलट मोजण्याची रीत

बहुतेक मंडळी फुलांची आठवण सण जवळ आला की करतात. पितृपक्षात बी आणून पेरले आणि दसऱ्याला झेंडू फुलला नाही, यात झाडाचा दोष कोणता? हंगामी फुलाचे गणित पेरणीपासून पुढे न करता सणापासून मागे करावे लागते.

झेंडूचे मुख्य प्रकार दोन. एक मोठ्या गेंदेदार फुलांचा, कमरेएवढा वाढणारा; यास माळी आफ्रिकन झेंडू म्हणतात. दुसरा ठेंगणा, लहान फुलांचा, बहुधा तांबूस-पिवळ्या दुरंगी पाकळ्यांचा. यास फ्रेंच झेंडू म्हणतात. ठेंगण्या प्रकाराला पेरणीपासून साधारणतः ४५ ते ५५ दिवसांत फुले येतात. मोठ्या प्रकारातील मध्यम मुदतीच्या जातींना, शेंडा खुडण्याचा वेळ धरून, ७५ ते ८५ दिवस लागतात.

आता पंचांग उघडावे. गुरुपौर्णिमेपासून विजयादशमीपर्यंत, मध्ये अधिक महिना नसेल तर, सुमारे ८४ दिवस होतात. २०२५ साली गुरुपौर्णिमा १० जुलैला होती आणि दसरा २ ऑक्टोबरला. मोजून पाहिल्यास बरोबर ८४ दिवस भरतात. म्हणजे आषाढी एकादशी ते गुरुपौर्णिमा या चार-पाच दिवसांत मोठ्या झेंडूचे बी पेरावे, की दसऱ्याचे तोरण घरचे होते. गुरुपौर्णिमेला बी आणि दसऱ्याला तोरण, एवढे सूत्र मुलांनाही पाठ करता येईल.

दिवाळीसाठी दुसरी पेरणी करावी. नागपंचमीपासून लक्ष्मीपूजनापर्यंतही सुमारे ८३ दिवसच होतात. तथापि नागपंचमीस जमीन खणू नये, काही कापू नये, असा आपल्याकडील कुळाचार आहे. तेव्हा ती पेरणी दुसऱ्या दिवशी, श्रावण शुद्ध षष्ठीस करावी. एका दिवसाने गणित बिघडत नाही. पहिल्या पेरणीची झाडे दिवाळीपर्यंत फुलत असली तरी त्यांची फुले तोवर लहान होत जातात. म्हणून ही दुसरी पाळी.

येथे एक सावधगिरी अवश्य बाळगावी. सर्व जातींची मुदत सारखी नसते. दिल्लीच्या भारतीय कृषी अनुसंधान संस्थेने काढलेल्या ‘पुसा नारंगी गेंदा’ या जातीला फुलावयास पेरणीपासून चार महिन्यांहून थोडा अधिक काळ लागतो. अशी उशिरा येणारी जात दिवाळीसाठी हवी असेल तर ती वटपौर्णिमेच्या सुमारासच पेरली पाहिजे; वटपौर्णिमा ते लक्ष्मीपूजन हे अंतर सुमारे १३३ दिवसांचे आहे. म्हणून बी घेताना रंग विचारावा, त्याआधी मुदत विचारावी.

अधिक महिन्याचा प्रश्न

आपले सण तिथीवर चालतात आणि झाड उन्हावर, पावसावर व दिवसांच्या संख्येवर चालते. या दोहोंचा मेळ घालताना अधिक मास विसरला तर सारे गणित कोसळते.

२०२३ साली अधिक श्रावण होता. त्या वर्षी गुरुपौर्णिमा ३ जुलैला आली आणि दसरा २४ ऑक्टोबरला. मधले अंतर ८४ नव्हे, तर ११३ दिवसांचे होते. त्या वर्षी जो गुरुपौर्णिमेला पेरील त्याचा झेंडू दसऱ्याच्या महिनाभर आधीच फुलू लागेल व ऐन सणाला थकलेला असेल. २०२० साली अधिक आश्विन आला होता. तेव्हाही हाच प्रकार. परंतु २०२६ साली अधिक महिना ज्येष्ठाचा, म्हणजे गुरुपौर्णिमेच्या आधीच येणारा. त्यामुळे दसऱ्याच्या गणिताला त्याची बाधा नाही.

नियम असा सांगता येईल : पेरणीची तिथी आणि सण यांच्या मध्ये अधिक महिना येत असेल तर पेरणी एक महिना पुढे ढकलावी, तो आधीच होऊन गेला असेल तर काही बदल करू नये. वाचकांनी नवे पंचांग हाती येताच प्रथम एवढे पाहून ठेवावे आणि पेरणीच्या दिवसावर पेन्सिलीने खूण करावी.

माती, आणि निर्माल्याचे खत

माळव्याची काळी माती सुपीक खरी, परंतु पावसाळ्यात ती पाणी धरून ठेवते. झेंडूच्या मुळांना पाण्यात उभे राहणे मानवत नाही. यासाठी वाफा आजूबाजूच्या जमिनीपेक्षा एक वीत उंच करावा आणि मातीत जाड वाळू व कुजलेले खत मिसळावे. ताजे शेण किंवा फार जोरदार खत घालू नये. त्याने झाड हिरवेगार व भरदार दिसते, परंतु पानेच वाढतात आणि फुले कमी येतात.

खत कोठून आणावे? ते आपल्या देवघरातच तयार होत असते. रोजचे निर्माल्य आपण पवित्र म्हणून कचऱ्यात टाकत नाही, हे योग्यच. परंतु पिशवीत बांधून नदीत सोडतो, हे योग्य नव्हे. त्याने नदीही मलिन होते आणि निर्माल्याचाही मान राहात नाही. मातीतून आलेले फूल देवाच्या चरणी जाऊन पुन्हा मातीत मिळावे व त्यातून दुसरे फूल यावे, याहून निर्माल्याचा अधिक सन्मान तो कोणता?

या बाबतीत आपल्या शहराला एक विशेष परंपरा आहे. पालापाचोळा, शेण, माती व राख यांपासून उत्तम खत करण्याची जी रीत जगभर ‘इंदूर पद्धत’ या नावाने ओळखली जाते, ती अल्बर्ट हॉवर्ड यांनी १९२४ ते १९३१ या काळात इंदूर येथील संशोधन संस्थेत काम करताना सिद्ध केली. १९३१ साली या विषयावर जो ग्रंथ प्रसिद्ध झाला त्याच्या लेखकांत हॉवर्ड यांच्याबरोबर यशवंत वाड यांचेही नाव आहे. आपल्याच गावी शोधलेली पद्धत आपल्याच अंगणात नसावी, हे बरे दिसत नाही.

घरगुती प्रमाणात ती अशी करावी. निर्माल्यातील दोरे, जरी, टाचण्या व प्लास्टिक काढून टाकावे. तळाला भोके असलेल्या जुन्या मडक्यात अथवा दोन फूट खोल खड्ड्यात निर्माल्य आणि वाळका पाला यांचे थर द्यावेत. प्रत्येक थरावर थोडे शेणकाल्याचे पाणी, मूठभर माती व चिमूटभर लाकडाची राख टाकावी. ओल पिळलेल्या फडक्याइतकी असावी. खत कुजण्यास हवा लागते, म्हणून साधारण पंधरा दिवसांनी, एक महिन्याने व दोन महिन्यांनी असे तीनदा ते खालीवर करावे. दुर्गंधी येऊ लागल्यास ओल अधिक झाली असे समजावे व वाळका पाला वाढवावा. तीन महिन्यांत काळसर, भुसभुशीत, पावसाच्या पहिल्या सरीसारखा वास येणारे खत तयार होते.

आता पुन्हा पंचांगाकडे पाहा. रामनवमी ते आषाढी एकादशी हे अंतर तीन महिन्यांचेच आहे. चैत्रातील नवरात्राचे निर्माल्य आषाढात खत होऊन दसऱ्याच्या झेंडूला मिळते. आपल्या उत्सवांचा आणि वाफ्याचा मेळ किती सहज बसतो, हे यावरून दिसेल.

रोपे व त्यांची निगा

झेंडूचे बी म्हणजे वाळलेल्या फुलातील काळ्या, बारीक काड्या. त्यांच्या टोकाला फिकट तुरा असतो. एखाद्या पसरट कुंडीत चाळलेले खत व माती सारख्या प्रमाणात भरून त्यावर बी विरळ पेरावे आणि बोटाच्या पेराच्या चौथाईइतकी माती वर भुरभुरावी. पाणी झारीने, हलक्या हाताने द्यावे. चार ते सात दिवसांत कोंब दिसतात.

या दिवसांत रोपांचा मोठा शत्रू ऊन नसून अतिरिक्त ओल होय. दाट पेरलेली व सतत भिजलेली रोपे जमिनीलगत काळी पडून कोलमडतात. ही बुरशी एका दिवसात सारी कुंडी बसवते. म्हणून आषाढाच्या मुसळधार पावसात कुंडी पडवीत घ्यावी, पण उजेडापासून दूर नेऊ नये.

सुमारे तीन आठवड्यांत रोपाला चार-सहा पाने आली की ते सायंकाळी वाफ्यात लावावे. मोठ्या झेंडूच्या दोन रोपांत एक हात, तर ठेंगण्यात एक वीत अंतर ठेवावे. नवशिक्यास हे अंतर फार वाटते व तो मध्ये आणखी रोपे घालतो. तसे करू नये. दाटीत हवा खेळत नाही व पाने सडतात. रोप किंचित खोल लावावे, कारण झेंडूच्या खोडाला मातीत मुळे फुटतात आणि झाड वाऱ्यात पडत नाही.

लावणीनंतर सुमारे अडीच-तीन आठवड्यांनी मोठ्या झेंडूचा मुख्य शेंडा नखाने खुडावा. जोमाने वाढणारे झाड खुडताना घरातील मंडळी हळहळतात. पण शेंडा गेल्याने बाजूच्या फांद्या फुटतात व जेथे एक कळी येणार होती तेथे अनेक येतात. पहिले फूल मात्र काही दिवस उशिरा येते आणि तो काळ आपण गणितात धरलेलाच आहे. ठेंगण्या झेंडूला शेंडा खुडण्याची आवश्यकता नसते.

झेंडूचा आणखी एक उपकार सांगण्याजोगा आहे. त्याच्या मुळांतून असे एक द्रव्य निघते की ज्याने मातीतील सूत्रकृमींना आळा बसतो. परसात वांगी वा टोमॅटो लावणाऱ्यांनी त्या जागी आधी एक हंगाम झेंडू अवश्य घ्यावा.

वर्षाची फुलमाला

झेंडू हा या मालिकेतील मेरुमणी असला तरी एकट्या झेंडूवर वर्ष निघत नाही. सणांच्या क्रमाने अन्य हंगामी फुलांची योजना पुढीलप्रमाणे करता येईल.

तेरडा : हे आपल्या देशातलेच फूल. कित्येक घराण्यांत भाद्रपदातील गौर तेरड्याच्या मुळासकट उपटलेल्या रोपांचीच बसवतात. आषाढ लागताच बी थेट वाफ्यात पेरावे. दीड ते दोन महिन्यांत फुले येऊन गौरीपर्यंत झाड भरात असते. याला पावसाची ओल आवडते. तेरड्याचा रंग तीन दिवस, अशी म्हण असली तरी ती एका फुलापुरती खरी. झाड कित्येक आठवडे फुलते. पिकलेल्या बोंडाला बोट लागताच ते फुटून बी दूर उडते. मुलांना झाडांची गोडी लावण्यास याहून चांगले साधन नाही.

कोंबडा : याचा मखमली तुरा कोंबड्याच्या तुऱ्यासारखा दिसतो, म्हणून हे नाव. बी अगदी बारीक, काळे व चकचकीत. ते माती न टाकता नुसते दाबावे. आषाढात पेरल्यास नवरात्रात गर्द लाल तुरे मिळतात व खुडल्यावरही दीर्घकाळ टिकतात.

गुलमखमल : बोराएवढ्या गोल, जांभळ्या गोंड्यांचे हे फूल कोमेजत नाही, वाळते, आणि वाळल्यावरही रंग सोडत नाही. हारात झेंडूच्या जोडीला ते फार शोभते. पेरणी झेंडूबरोबरच करावी.

झिनिया : लाल, गुलाबी, केशरी, पांढरा असे अनेक रंग. बी थेट जागेवर पेरावे, कारण रोप हलवलेले त्याला रुचत नाही. सुमारे दोन महिन्यांत फुले. पानांवर भुरी हा रोग लवकर पडतो, तेव्हा पाणी मुळाशी द्यावे. पाने भिजवू नयेत.

अॅस्टर : हिवाळ्याचे फूल, मूळचे चीनकडील. याला चार महिन्यांच्या आसपास काळ लागतो. गणेशोत्सवाच्या सुमारास पेरल्यास पौष-माघात, म्हणजे माघी गणेशजयंतीला जांभळी-पांढरी फुले मिळतात. अॅस्टर झेंडूसारखा पुनःपुन्हा फुलत नाही; त्याचा बहर एकदाच येतो. यासाठी पंधरा-पंधरा दिवसांच्या अंतराने दोन-तीन वेळा थोडे थोडे पेरावे. तसेच एकाच वाफ्यात लागोपाठ दोन वर्षे अॅस्टर घेऊ नये. मातीत मर रोग राहतो.

गलांडा : चैत्र-वैशाखाच्या उन्हात जेव्हा अन्य हंगामी फुले माना टाकतात, तेव्हा हे लाल-पिवळे फूल तग धरते. मार्गशीर्षात बी पेरून ठेवावे, म्हणजे रामनवमीला व पुढे अक्षय्यतृतीयेला हारांची चिंता नाही.

याप्रमाणे आषाढ, श्रावण, भाद्रपद आणि मार्गशीर्ष अशा चार पाळ्यांत पेरणी केली की गौरीगणपतीपासून अक्षय्यतृतीयेपर्यंत घरात फूल नाही असा सण सहसा जात नाही.

एक शंका

काही श्रद्धाळू मंडळी विचारतात की झेंडू, झिनिया, गलांडा ही तर परदेशी फुले. ती देवाला चालतात काय?

वस्तुस्थिती खरी आहे. झेंडूला आफ्रिकन व फ्रेंच अशी नावे असली तरी त्याचे दोन्ही प्रकार मूळचे मेक्सिको व त्याच्या आसपासच्या प्रदेशातील. झिनियाही मेक्सिकोचा आणि गलांडा उत्तर अमेरिकेचा. १४९२ पूर्वी ही फुले आपल्या पूर्वजांनी पाहिलेली असणे शक्य नाही. दर्यावर्दी पोर्तुगीजांबरोबर झेंडू या देशात आला, असे सामान्यतः मानले जाते. परंतु मिरचीही त्याच खंडातून आली आणि आज नैवेद्याच्या ताटातील चटणी तिच्यावाचून होत नाही. आपल्या वाडवडिलांनी नव्या फुलाचे कूळ विचारले नाही. ते ताजे आहे का, टिकते का आणि शेतकऱ्याच्या बांधावर येते का, एवढेच पाहिले. पुढे ते दसऱ्याला दारावर, खंडेनवमीला शस्त्रांवर आणि दिवाळीत वहीपूजनावर चढले. पाहुणा म्हणून आलेला झेंडू आता घरचाच झाला आहे.

कोणत्या देवतेस कोणते फूल वर्ज्य, याविषयी ज्याच्या त्याच्या घराण्याचा आचार असतो. तो वडीलधाऱ्यांना अगर गुरुजींना विचारून पाळावा. आमचे सांगणे इतकेच की फुलाच्या जन्मस्थानापेक्षा ते आपल्या हाती कसे आले याचा विचार अधिक करावा. न विचारता तोडलेल्या देशी जास्वंदीपेक्षा स्वतः वाढवलेला मेक्सिकोचा झेंडू आम्हांस अधिक शुद्ध वाटतो.

बी राखणे

ज्याने फुले केली पण बी राखले नाही, त्याने अर्धेच काम केले. वाफ्यातील जे झाड निरोगी, भरदार व योग्य वेळी फुललेले असेल त्याला आरंभीच रंगीत दोरा बांधावा आणि त्याची दोन-चार उत्तम फुले पूजेलाही न घेता झाडावरच वाळू द्यावीत. पुष्कळ घरांत चांगली फुले सारी खुडली जातात आणि शेवटी उरलेल्या लहान, रोगट फुलांचे बी धरले जाते. मग दोन-तीन वर्षांत झेंडू बारीक झाला अशी तक्रार होते. बीजासाठी उत्तम तेच राखावे, हा नियम शेतात जसा तसाच येथे.

वाळलेली फुले दिवाळीनंतरच्या कोरड्या हवेत सावलीत आणखी आठवडाभर ठेवून कागदी पुडीत बांधावीत व पुडी झाकणाच्या डब्यात थोडी राख घालून ठेवावी. पुडीवर नाव, रंग व वर्ष लिहावे. दुकानातील संकरित बियांच्या झाडांपासून धरलेले बी मात्र मूळ झाडासारखे निपजत नाही, आणि काही संकरित झेंडूंना बी धरतच नाही. म्हणून आरंभी साध्या, सरळ जातीचे बी मिळवावे.

याच्या जोडीला एक सवय लावून घ्यावी. पेरणीचा दिवस आणि पहिले फूल उमलल्याचा दिवस पंचांगाच्या समासात लिहून ठेवावा. आमच्या या पाठातील आकडे सर्वसाधारण आहेत. आपल्या वाफ्याचे, आपल्या बियांचे आणि आपल्या उन्हाचे आकडे दोन-तीन वर्षांत आपणांस स्वतःच कळतील, आणि तेच अधिक विश्वासार्ह ठरतील.

ज्यांना अंगण नाही त्यांच्यासाठी

सदनिकेत राहणाऱ्यांनी निराश होऊ नये. एक फूट तोंडाच्या कुंडीत मोठ्या झेंडूचे एक झाड किंवा ठेंगण्याची तीन झाडे सुखाने वाढतात. दिवसाकाठी पाच-सहा तास ऊन मिळणे मात्र आवश्यक. कुंडीची माती लवकर सुकते, तेव्हा बोट खुपसून पाहून पाणी द्यावे. डाळ-तांदूळ धुतलेले पाणीही चालते. रस्त्याच्या दिव्याचा उजेड रात्रभर पडत असेल अशी जागा टाळावी, कारण मोठ्या झेंडूच्या कित्येक जाती रात्र मोठी होऊ लागली की भराने फुलतात आणि रात्रीच्या उजेडाने त्यांना उशीर होतो. जेथे ऊन थोडे तेथे ठेंगणा झेंडू किंवा तेरडा घ्यावा.

घरातील कामाची वाटणीही करावी. आजोबांनी पंचांग पाहून दिवस सांगावा, आईने वा बाबांनी रोपे लावावीत, मुलांनी पाणी घालावे आणि आजीने हार करण्यास शिकवावे. आपल्या मुलामुलींच्या शाळा निराळ्या भाषांतून चालतात. तेरडा, कोंबडा, वाफा, झारी, खुरपे हे शब्द त्यांच्या कानी पडण्यास आज घरावाचून दुसरी जागा उरलेली नाही. हे शब्द पुस्तकातून शिकवून राहात नाहीत. हाताला माती लागली की मात्र ते जन्मभर राहतात.

शेवटी आमची सर्व कुटुंबांस एकच विनंती आहे. या वर्षी एक वाफा, ते न जमल्यास एक कुंडी, देवासाठी राखून ठेवावी. आषाढी एकादशीला उपवास असतोच. त्या दिवशी किंवा गुरुपौर्णिमेपर्यंत केव्हाही चिमूटभर बी पेरावे. विजयादशमीला प्रत्येक घरातून घरच्या झेंडूची एक ओंजळ मंदिरात आली तर गाभाऱ्याचे तोरण बाजारातून आणावे लागणार नाही. ज्यांची फुले अधिक होतील त्यांनी शेजाऱ्यास द्यावीत, आणि ज्यांचे बी उरेल त्यांनी पुडी बांधून पुढील वर्षी दुसऱ्या घरी पोचवावे. इतके झाले तर पहाटे दुसऱ्याच्या कुंपणापाशी थबकण्याची वेळ आपल्यापैकी कोणावरही येणार नाही.